सत्यशीलाला माझ्या वतीने ‘पुरे’ म्हणता यावे म्हणून

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तालुका कार्यालय, जि. बीड

अर्जदार : सौ. दिपाली हनुमान तोंडे, वय २७, ऊसतोड मजूर, रा. पांढरीची वस्ती

विषय : मी शुद्धीवर नसताना माझ्या उपचाराचे व बँकखात्याचे निर्णय घेण्यास नेमलेल्या व्यक्तीच्या कागदावर सही-शिक्का मिळणेबाबत.
संदर्भ : शुक्रवारी टेबलावरूनच परत आलेला माझा अर्ज.

महोदय,

येत्या गुरुवारी, दि. १८ रोजी माझ्या डोक्यातील गाठीचे ऑपरेशन आहे. त्यानंतर मला बोलता येईल, कळेल, याची खात्री डॉक्टर देत नाहीत. तशी वेळ आली तर माझ्या टोळीतील सौ. सत्यशीला नाथा घुगे हिने माझ्या वतीने ठरवावे, असा कागद मी दोन साक्षीदारांसमोर केला आहे.

१) आपल्याकडील बाबूंनी विचारले, “नवरा जित्ता हाय ना? मग परकी बाई काहून?” माझा नवऱ्यावर अविश्वास नाही. त्यांची माया लई आहे, भीती तिचीच आहे. मी उठणार नाही हे कळूनही ते मशीन चालू ठेवा म्हणतील, बैलजोडी विकतील, आमच्या आरोहीसाठी साठवलेलेही मोडतील. ‘पुरे’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. या कागदाच्या संमतीवर सही करताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवला.

२) बाबूंनी सत्यशीलाशी नात्याचा पुरावा मागितला. पुरावा एकच आहे आणि तो सांगायची मला लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी कारखान्यावर असताना पोटदुखीने ती बेशुद्ध पडली. नाथाभाऊ उसाच्या ट्रॅक्टरवर गेलेले. टोळीत लिहिता येणारी मीच, म्हणून सगळ्या बायांच्या दवाखान्याच्या कागदांवर मीच सही करायचे. त्या दिवशीही ‘बहीण’ लिहून केली. डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढावी लागेल. मी हो म्हटले. तिला एकही मूल नव्हते. पुढे कळले की थांबता आले असते. शुद्धीवर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “दिपे, मला इचारायचं तरी व्हतंस.” अख्खा हंगाम ती माझ्याशी बोलली नाही. हे अर्जात लिहू का, असे या वेळी मी तिला आधी विचारले.

३) म्हणूनच तिचे नाव. दुसऱ्याच्या सहीने काय जाते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? आरोही दुपारी झोपली की ती येऊन बसते आणि एकेक विचारते. मशीनवर किती दिवस? आठ. पोरगी कोणाकडे? बापाकडेच, पण शाळा बुडवून तिला फडावर न्यायचे नाही. खात्यातले पैसे? तिच्या शाळेला. शेवटचे घरी की तिथेच? घरी. काल म्हणाली, “आन् माझं चुकलं तर?” मी म्हटले, तरी तूच.

कागदात काही कमी असेल तर आपण सांगाल तसा पुन्हा लिहीन, मात्र गुरुवारच्या आत सांगावे. मी शुद्धीवर असताना मला विचारले गेले होते, एवढे कागदावर राहू द्यावे, ही विनंती.

सोबत : नेमणुकीचा कागद, पतीची संमती, ‘बहीण’ लिहिलेल्या दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स.

आपल्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून,
सौ. दिपाली हनुमान तोंडे
दि. १५/०९/२०२५