आक्काचं पहिलं केळं

सोम., ३ फेब्रु.
आक्काचा हात फाटला. उजवा पंजा, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. माकडांच्या पिंजऱ्याच्या जाळीची सुटलेली तार. मी दोनदा लिहून दिली होती मेंटेनन्सला. वाचतंय कोण! डॉ. मॅडमनी बेशुद्ध करून सात टाके घातले. सुकेपर्यंत आतल्या छोट्या पिंजऱ्यात ठेवायची, एकटी. नऊ वर्षं या सोळा माकडांवर तिचं राज्य, पण कळपाबाहेर एक दिवस नाही काढलेला. नेताना तिची मुलगी छबी जाळीपर्यंत मागे आली. पोटाशी महिन्याचं पिल्लू. दुपारपर्यंत तिथेच बसून होती.

मंगळ., ४
सकाळची केळी. नेम असा की पहिलं केळं खिडकीच्या गजांतून आक्काच्या हातात, मग टोपली आत ओतायची. ती सोलेपर्यंत बाकीचे हलत नाहीत. आज हात सवयीने गजांशी गेला, आणि समोर चंपा येऊन बसली. दुसऱ्या घराण्यातली, दणकट, तीन मोठ्या मुलींची आई. देऊन टाकलं. माझ्याकडे बघत बघत सोललं बयेने. बाकीचे थांबले. चला, गोंधळ तरी नाही झाला.

शुक्र., ७
चौथा दिवस चंपालाच. आज अँथनीने पाहिलं. गोराईचा माणूस, पंचवीस वर्षं माकडांत काढलेली, मला काम त्यानेच शिकवलं. म्हणाला, "तू तिला गादीवर बसवतोयस, कळतंय का?" मी भडकलो. केळं आहे, राज्याभिषेक नाही, म्हटलं. तो बादली उचलून गेला.
त्याचं ते वाक्य दिवसभर डोक्यात.

रवि., ९
सुट्टी. मुलुंडलाच, घरी. आईला सहज सांगितलं केळ्याचं. तिला लगेच आजोबा आठवले. गावच्या पालखीला मानाचा नारळ आमच्या घराचा. एका वर्षी गिरणीतून रजा मिळाली नाही, आजोबा पोचले नाहीत, नारळ चुलतघराला दिला. त्या वर्षापुरता. आजतागायत तिकडेच आहे. "मान एकदा दिलो की परत मागूक येणा नाय रे," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. मी मटण अर्धंच खाल्लं.

सोम., १०
वाट लागली. चंपाच्या मुलींनी छबीला कोपऱ्यात घेतलं. शेपटीला चावा, रक्त. त्यांतली एक पिल्लाचा पाय धरून ओढत होती. मी बादली जाळीवर आपटली तेव्हा सोडलं. कळपातला एकुलता मोठा नर, आमचा साहेब, वरच्या पाइपवर बसून पाठ खाजवत होता. काडीचा उपयोग नाही.
डॉ. मॅडमना सगळं सांगून टाकलं, केळ्यासकट. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. केळ्याने झालं की आक्का नसल्याने झालं, हे आता कोणालाच कळणार नाही, एवढंच म्हणाल्या. उद्यापासून हाताने देणं बंद.
मला कळतंय कशाने झालं ते. नालायकपणा माझा.

गुरु., १३
टाके निघाले. हात झकास. पण आक्काने डाव्या दंडावरचे केस उपटलेत, तळहाताएवढी कातडी उघडी. एकटं माकड हेच करतं. शनिवारी मधल्या जाळीवरची फळी काढायची, म्हणजे नुसतं दिसणार, चावता येणार नाही. सोमवारी कळपात. जमलं नाही तर ती कायमची वेगळी राहणार. मरण्यापेक्षा ते बरं, असं मॅडमचं म्हणणं. बरोबरच आहे. पण आणखी पंधरा वर्षं जगेल ती, केस उपटत.

शनि., १५
स्टूल टाकून दिवसभर समोर. चंपा जाळीशी आली, तोंड वासून दात दाखवले. आक्काने नजर चुकवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं हे. खूप वाईट वाटलं, लपवायचं कशाला. छबी मात्र जाळीतून बोटं घालून आईचे केस साफ करत होती. चंपा आली की लांब, गेली की परत जाळीशी.
रात्री बायको म्हणाली, "जेवताना तरी माकडं बाहेर ठेव." ठेवली नाहीत.

सोम., १७
दहाला दार उघडलं. अँथनी पाण्याचा पाइप धरून, मॅडम घड्याळ बघत, मी खिडकीशी. केळी आधीच चारी कोपऱ्यांत टाकलेली, कोणालाच पहिलं नको म्हणून. आक्का भिंतीच्या कडेने आत आली. चंपाच्या थोरलीने धक्का दिला. आक्का कोलमडली, सावरली, उलट अंगावर गेली नाही. चंपा उठून उभी. अँथनीने पाइप वर केला. तेवढ्यात छबी पिल्लासकट मधून आली आणि आईला टेकून बसली. चंपा थांबली. बसली मात्र नाही.

१०:४०. स्टुलावरच लिहितोय. मॅडमनी सांगितलंय, अंधार पडेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. पाचेक मिनिटांपूर्वी आक्का उठली. कोपऱ्यातल्या केळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांसमोरून हळूहळू चालत खिडकीशी आली, आपल्या जुन्या जागेवर, आणि टाक्यांचा हात गजांतून बाहेर काढला.
माझ्या खिशात एक केळं आहे. सकाळी सवयीने टाकलेलं.
"दे," अँथनी हळूच म्हणाला.
"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या.
मागे चंपा उभी आहे, नजर माझ्या खिशावर. आक्काचा हात अजून बाहेरच आहे.