चकचकीत तारा

४ एप्रिल

ती. ताईस,
खंड्याचा सा. न. वि. वि.

तू शिवलेलं शीड काल पोचलं. कापड इतकं कडक की बैठकीत पसरायला चिमी आणि मी दोघं लागलो, आणि हिने सोफा हलवू दिला नाही म्हणून अर्धं शीड स्वयंपाकघरात गेलं. शिवण बघून चिमी म्हणाली की आत्याच्या हाताला जादू आहे. लहानपणी तू शिवलेल्या माझ्या चड्ड्या पहिल्याच उडीत उसवायच्या, हे मी तिला सांगितलेलं नाही.

होडी घेतल्यापासून पैसे जातात कुठे, असं तू विचारलंयस. अगं, वारा फुकट म्हणून तर मी होडी घेतली! वारा अजूनही फुकटच आहे. पण आमच्या बाईसाहेब धक्क्याला नुसत्या उभ्या राहतात त्याचं भाडं दवाखान्याच्या भाड्याला टेकलंय. वर्षातून एकदा त्यांना क्रेनने बाहेर काढायचं, पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, रंग द्यायचा, पुन्हा पाण्यात सोडायचं. मध्येच इंजिन रुसतं ते वेगळंच. प्रत्यक्ष फिरण्यावर काय खर्च होत असेल, तर डब्यातल्या सँडविचचा. तुझी वहिनी होडीला सवत म्हणते, आणि खऱ्या सवतीचे तरी एवढे लाड झाले नसते असंही म्हणते.

यंदा आतल्या गाद्या नव्या केल्या, लाकडाला पॉलिश केलं. तारांचं काम मात्र घरच्या घरी. डोलकाठीला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा खाली स्टीलच्या नळीत शिरतात ना, तिथे तपकिरी ओघळ आले होते. चिमीने दवाखान्यातला ब्रश आणि पेस्ट घेऊन ते घासून काढले. शेवटी मुलगी दातांच्या डॉक्टरची आहे. आता तारा आरशासारख्या चमकतात.

येत्या बारा तारखेच्या रविवारी, चिमीची परीक्षा संपली की, तुझं शीड लावून आम्ही बापलेक समोरच्या बेटावर जाऊन येणार. ही घाबरते. होडी नव्यासारखी झाली आहे हे तिला कितीदा सांगायचं?

माया आहे ती असू दे. पुढच्या वर्षी तुलाही बेटावर नेईन.

तुझा,
खंड्या

*

८ एप्रिल

चि. खंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात आलं आणि मी मशीन थांबवून लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. रविवारी जाऊ नकोस. तुझ्या दवाखान्याचा फोन लावला तर लाइन बिघडल्याचं सांगतात, म्हणून हे जलद टपालाने पाठवते. मी स्वतः निघाले असते, पण हे माझ्याआधी पोचेल.

खंड्या, ते ओघळ घाण नव्हते रे. तार बाहेरून कधी सडत नाही. नळीच्या आत, जिथे कोणाला दिसत नाही, तिथे खारं पाणी साचून तिचे पदर एकेक करून तुटतात. बाहेर येतो तो फक्त तेवढा तपकिरी ओघळ. तेवढंच ती बिचारी बोलू शकते. आणि तुम्ही दोघांनी पेस्ट लावून तिचं तोंड बंद केलंत.

आता माझं ऐक. तुझं जुनं शीड ढगळ झालं होतं. जोराचा वारा आला की ते फुगायचं, सैल पडायचं, निम्मा वारा सांडून टाकायचं. म्हणून त्या जुन्या तारांवर आजवर निभावलं. मी पाठवलेलं कापड ताणत नाही. ते सगळा वारा धरेल आणि सगळा भार तारांवर टाकेल. तारा तू बदलल्या असशील असं मी धरून चालले. इतका पैसा घालतोयस म्हटल्यावर तारा राहिल्या असतील असं मनातही आलं नाही. माझ्याकडे येणारे सगळे होडीवाले असेच, रंगाला आणि गाद्यांना हात सैल, कारण त्या पाहुण्यांना दिसतात. मला हे ठाऊक असून मी तुला विचारलं नाही.

तारांवर खारं पाणी मार आणि आठवडाभर अजिबात पुसू नकोस. ओघळ परत आला तर समज. तोवर शीड पिशवीतच राहू दे. डोलकाठी पडते तेव्हा ती ओरडून सांगत नाही, आणि चिमी नेमकी तिच्याखाली बसते. मला फार भीती वाटते आहे.

पत्र मिळताच दोन ओळी लिही, मग हवं तेवढं चिडव.

तुझी,
ताई

*

१३ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

खंड्याचं उत्तर नाही. फोन नुसता वाजतो आणि कोणी उचलत नाही. म्हणजे लाइन दुरुस्त झाली, पण दवाखाना बंद आहे. आज सोमवार. सोमवारी त्याचा दवाखाना बंद का असावा?

माझं आठ तारखेचं पत्र पोचलं का? काल इथे सकाळपासून वारा होता. आमचा शिडांचा कारखाना हंगामात रविवारीही चालतो; त्याच्या खिडक्या आपटत होत्या आणि दर आवाजाला मी मशीन थांबवत होते. मुकादम म्हणाले की बाई, आज घरी जा, तुम्ही तीनदा उलटी शिवण घातलीत. घरी जाऊन तरी काय करू?

जे असेल ते कळव. माझ्यापासून काही लपवू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई

*

१४ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

एसटीने पाठवलेलं तुमचं कालचं पत्र आत्ताच मिळालं. आधी हे वाचा, बाकीचं मग. दोघं घरी आहेत, धडधाकट आहेत. काल दवाखाना बंद होता तो उन्हाने आणि वाऱ्याने ह्यांचं अंग मोडून आलं म्हणून.

तुमचं जलद टपाल कुठे रखडलं कोण जाणे, ते काल दुपारी आलं. म्हणजे दोघं बेटावर जाऊन आल्यावर. पाकीट उघडं होतं म्हणून मी उभ्यानेच वाचलं आणि तशीच जमिनीवर बसले. चिमी पाणी घेऊन धावली. तिला काय सांगणार?

वन्सं, एक गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला सांगू शकत नाही. तुमचं शीड मी लपवलं. मला तारांमधलं काही कळत नाही, मला नुसती भीती वाटत होती. शीड नसेल तर जाणं रद्द होईल, एवढीच माझी अक्कल. शुक्रवारी हे दवाखान्यात असताना होडीवरून पिशवी उचलली, रिक्षाने घरी आणली आणि पाहुण्यांच्या पलंगाखाली, जाड पांघरुणांमागे ढकलली. ह्यांनी चोरी झाली म्हणून सारं बंदर डोक्यावर घेतलं. पहारेकऱ्याला नाही नाही ते बोलले. मी तिथेच उभी होते आणि मला मान वर करवेना.

आणि एवढं करून ते गेलेच! जुनं शीड चढवलं आणि निघाले. मी दिवसभर धक्क्याच्या भिंतीवर बसून होते. दुपारनंतर वारा इतका वाढला की पोरांच्या टोप्या उडत होत्या. पाण्यावर पांढऱ्या रेघा, आणि त्यांत आमची होडी कुठली ते ओळखू येईना. मी मनात म्हणत होते, नवं शीड असतं तर निदान लवकर तरी परतले असते, हे मी काय करून बसले! स्वतःला इतके शिव्याशाप कधी दिले नव्हते. अंधार पडायच्या जरा आधी फाटकं शीड लोंबत होडी आत आली, इंजिनवर.

तुमचं पत्र ह्यांना दिलं आहे. शिडाचं मात्र त्यांना कळू देऊ नका. मायेची सावली आमच्यावर असू द्या.

तुमची,
वहिनी

*

२२ एप्रिल

ती. ताईस,
खंड्याचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. खारं पाणी मारलं आणि रोज नुसता बघत बसलो. आधी काहीच नाही. मी तुला चिडवायची वाक्यंही जुळवून ठेवली होती. मग एका सकाळी उजवीकडच्या तारेखाली तपकिरी थेंब दिसला. दुसऱ्या दिवशी त्याचा ओघळ झाला, अगदी जिथे चिमीने घासलं होतं तिथे.

तारा बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने नळी कापून उघडली आणि आतली तार माझ्या तळहातावर ठेवली. ताई, ती दोन बोटांनी मोडली. कशीबशी दोन पदरांवर उभी होती. डाग काढला म्हणजे कीड गेली असं नाही, हे मी माणसांना रोज खुर्चीत बसवून सांगतो. सांगता सांगता आता मध्येच थांबतो, आणि समोरचा आ करून तसाच राहतो.

बेटावरून परतताना जोराचा झोत आला तेव्हा जुनं शीड टरकन फाटलं. तेव्हा मी चोराला मनसोक्त शिव्या घातल्या. नवं असतं तर फाटलं नसतं, म्हणालो. खरंच फाटलं नसतं. चिमी त्या वेळी डोलकाठीला टेकून गाणं म्हणत होती. त्या दिवशी मला जरासुद्धा भीती वाटली नव्हती. आता दवाखान्यात हात धुताना ते गाणं आठवतं आणि नळ बंद करायचं भान राहत नाही.

यंदाचे उरलेले सगळे पैसे तारांवर. रंग राहिला, आणि बाईसाहेब जरा भिकारड्या दिसतील. पहारेकऱ्याची माफी मागून आलो.

आणखी एक, पण हे तुझ्या-माझ्यात. काल गारवा होता म्हणून जाड पांघरूण काढायला पलंगाखाली वाकलो. पिशवी दिसली. तुझी शिवण मी अंधारातही ओळखेन. किती वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिलो. मग पिशवी होती तशी आत ढकलली, पांघरूण तिच्यापुढे लावलं आणि पातळ चादर घेऊन झोपलो.

आज सकाळी चहा देताना हिने विचारलं की शिडाचा चोर सापडला का हो. माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, नाही, आणि जिथे कुठे असेल तिथे त्याने नव्या तारा लागेपर्यंत ते नीट सांभाळावं. तिने माझ्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली, आणि मी तो तसाच प्यायलो.

तुझी माया असू दे, आणि धाकही.

तुझा,
खंड्या