व्हर्माँटमधली मोट

बसवनगुडी, बेंगळूर
११ जानेवारी १९६४

ती. अण्णास,

वसूचा नमस्कार. तुझं पत्र आणि परत आलेलं सातवं प्रकरण, दोन्ही पोचली. आम्ही इथे बरे आहोत. थंडी आहे. गांधी बझारात अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागलेत आणि त्या सोलून सोलून माझी नखं हिरवी झालीत. वहिनींना संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवते.

तू विचारलं आहेस, "अमेरिकेत, व्हर्माँटमध्ये, मोट कुठून आली?" उत्तर देते. पण आधी माझी थोडी चिडचिड ऐकून घे. इथे मराठीत चिडायला दुसरं कुणी नाही.

अमेरिकन कचेरीने तुमच्या प्रकाशनाला पैसे दिलेत, तेव्हा तिकडच्या अपील कोर्टाच्या एका न्यायाधीशाचं चरित्र मराठीत आण, असं तू म्हणालास आणि मी हो म्हटलं. जज्ज ऑर्डवे यांच्याशी माझं काय नातं? व्हर्माँटमधल्या दुकानदाराचा मुलगा, वकील झाला, चाळिशीत राष्ट्राध्यक्षांनी न्यायाधीश नेमला, आणि मग म्हातारपणापर्यंत तीच खुर्ची. खून नाही, पाठलाग नाही, नुसते निकाल. पानापानावर 'डिसेंट' हा शब्द. त्याला मराठीत काय म्हणू, हे ह्या गावात विचारू कुणाला?

शेवटी ह्यांनाच विचारलं.

"भिन्नमत लिही," म्हणाले. "तिघे बसतात. दोघांचं जमलं की निकाल लागला. तिसऱ्याला पटलं नसेल तर तो आपलं वेगळं लिहितो."

"त्याचा उपयोग?"

"काही नाही. पण छापावं लागतं."

अण्णा, जज्जाच्या खुर्चीवरून निवृत्त झाल्यापासून हे एवढं सलग पहिल्यांदाच बोलले. मी तुला कळवलं नव्हतं. पंचावन्न पुरी झाली, सत्कार झाला, हार वाळला, तरी हे रोज सकाळी कोट घालून टेबलाशी बसत. समोर काही नसे. शेजारची राजलक्ष्मी कुंपणावरून विचारी, "रायरु कोर्टाला निघाले का?" रायरु म्हणजे इथले रावसाहेब; तिची चेष्टा नसे, तरी मी खिडकी लावून घेई. तुला मात्र दर पत्रात लिहीत होते, ह्यांची प्रकृती उत्तम. प्रकृती उत्तमच होती.

मग हे पुस्तक आलं. कायद्याचे शब्द तपासता तपासता हे माझी पानं स्वच्छ उतरवून देऊ लागले. एकदा हसले. "तुझ्या ऑर्डवेला निवृत्ती नाही बघ. तिकडे मरेपर्यंत जज्ज." एकदा तर ओरडले. साक्षीदाराचा चेहरा पाहून ऑर्डवे विरघळले, असं काहीतरी मी लिहून गेले होते.

"अपिलात साक्षीदार कुठला, वसू? वर फक्त कागद जातात. माणूस खालीच राहतो."

सातव्या प्रकरणात ऑर्डवे यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी घेतलं जातं आणि नेमणूक दुसऱ्याची होते. मूळ पुस्तकात त्यावर चारपाच ओळी आहेत. बातमी वाचली, दुसऱ्या दिवशी कामावर आले, विहिरीच्या पाण्याचा एक खटला ऐकला. बस. ह्यांनी उतरवता उतरवता त्या विहिरीची नऊ पानं केली. तिच्यावर मोट बसवली आणि एला नावाची एक विधवा आणून उभी केली.

वाचताक्षणी मी तिला ओळखलं. ती यल्लव्वा. आम्ही विजापूरला होतो तेव्हाची. दीर म्हणे, विहिरीत तिचा वाटा नाही. तिच्याकडे कागद नव्हता. हे स्वतः जाऊन विहीर बघून आले. एका बाजूला दिराची मोट, दुसऱ्या बाजूला तिच्या घागरीच्या दोराने दगडात पाडलेले खोल चर. "मग इतकी वर्षं तिथून पाणी कुणी ओढलं?" असं घरभर म्हणत होते. निकाल तिच्या बाजूने दिला. वरच्या कोर्टाने तो फिरवला. कागद वर गेले, दगड विजापुरातच राहिला.

पुढे राज्यं जोडली गेली, विजापूर मुंबईतून म्हैसुरात आलं, नोकरीत ह्यांच्या मागून आलेले पुढे जाऊन बसले, हायकोर्टाचं बोलावणं आलं नाही. त्याबद्दल हे कधी बोलले नाहीत. यल्लव्वाबद्दलही नाही. आणि आता तुझ्या पुस्तकात दोघे न्यायाधीश तिच्या विरुद्ध जातात आणि एकटे ऑर्डवे तिच्या बाजूने भिन्नमत लिहितात. ह्यांनी पुस्तकातसुद्धा तिला जिंकवलं नाही, अण्णा. वरच्या कोर्टातलं एक मत तेवढं मागून घेतलं.

म्हणून ती पानं मी तशीच तुझ्याकडे धाडली. नजरचूक नव्हती ती.

काल तुझं पत्र ह्यांच्या हाती दिलं. वाचून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. अमेरिकन कचेरी मुळाशी ओळीला ओळ ताडून बघणार. अण्णांना त्रास नको. काढून टाक." आज सकाळी कोट घातला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण हे टेबलाशीही बसले नाहीत. अंगणात भिंतीकडे बघत उभे आहेत.

पानं काढली आहेत. सातवं प्रकरण मुळाबरहुकूम करून सोबत पाठवते आहे.

आता माझं ऐक. अनुवादिकेच्या मनोगताला मूळ नसतं. ते तुझी कचेरी कशाशी ताडणार? त्यात मी एक पान लिहिलं आहे. विजापूरची विहीर, दगडातले चर, फिरवलेला निकाल, आणि तो मुळात देणाऱ्या खालच्या न्यायाधीशाचं नाव. ते नाव आजवर मी तोंडाने घेतलेलं नाही, त्यामुळे लिहिताना हात अडखळला. अक्षर लागत नसेल म्हणून पुन्हा देते: बिंदुमाधव गलगली.

तू म्हणशील, ऑर्डवेच्या पुस्तकात ह्याचं काय काम? तुझे मालकही तेच म्हणतील. म्हणजे दोन विरुद्ध एक. असू दे. निकाल तुमचाच लागू दे, पण ते पान छापावं लागेल. त्यातली एक ओळ गाळलीस तर पुस्तकावरचं माझं नावही गाळ.

ह्यांना सांगितलेलं नाही. छापील पान आलं की टेबलावर ठेवीन, आणि कोट खुंटीवरून काढून हातात देईन.

मत वेगळं असलेली, पण तुझीच,
वसू