फायनल लावलं नाही म्हणून

३ फेब्रु.
संकेतने माझा कोड तपासून परत पाठवला. पुन्हा तेच, पॅरामीटरला फायनल लावलं नाय. मेथडला, म्हणजे कोडच्या एका तुकड्याला, बाहेरून मिळालेली किंमत आत कुणी बदलू नये, एवढ्यासाठीच तो शब्द. मी बदलत नव्हतेच. टीममध्ये बाकी कुणी लावत नाय, त्यांचं सगळं पास. माझ्या कोडखाली मात्र सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'शिकवून कंटाळलो.' माझ्या नि संकेतच्या साखरपुड्याला याच लोकांनी केक आणलेला. आज सगळ्यांनी वाचलं नि आपापल्या कामाला लागले.

५ फेब्रु.
फोनवर विचारलं, मलाच का? म्हणाला, "तुला आत्ताच सवय लागलेली बरी."
कसली, ते विचारायचं राहिलं.

८, रवि.
तो नि त्याची आई मुरबाडहून आमच्याकडे खर्डीला जेवायला. तुमच्या मुलीला एक शब्द लक्षात राहत नाय, असं रंगवून सांगितलं त्याने. बाबांना जावा ही आमची कोडची भाषा ठाऊकसुद्धा नाय, तरी हसले. आईपण. हसत हसत त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१२
त्यानेच सांगितलं म्हणून अख्ख्या फाइलला फायनल लावलं, तर बिल्ड फुटलं, प्रोग्रॅम तयारच होईना. त्याच्याच जुन्या मेथडमध्ये आलेली किंमत मधेच बदललीय. त्याला एकट्याला गाठून सांगितलं. म्हणाला, "टाक तू, मी बघतो." सगळ्यांच्या कोडात टाकलं.

१३
सकाळी अख्ख्या टीमचं काम अडलेलं. मीटिंगमध्ये तो मॅनेजरबाईंना म्हणाला, ही न तपासता टाकते, मी किती सांभाळून घेऊ. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाय. बाईंनी मला प्रोजेक्टवरून काढलं.
सुटल्यावर वडापाव घेऊन दिला. खुशीत होता.

१५, रवि.
आईला सांगितलं, लग्न नको. बाबा ओटीवरून म्हणाले, "एका शब्दावरून गो?" पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, हात तर नाय ना उचलला त्याने.

१६
मीच त्याला मेसेज केला. मला तुझ्याशी लग्न नाय करायचं.
लगेच उत्तर. "'नाही' लिही. मग वाचतो."
आईला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, फोन पालथा ठेवला.
बाबा त्याच्या घरी निघालेत. मोडायला की माफी मागायला, सांगत नाय. आई म्हणते, तूपण जा. चप्पल घातलीय. पण बाबांनी तिथे हात जोडले, तर मी सगळ्यांसमोर त्याला सांगणार, नाय.