फोन बंद, ब्लॉग सुरू

५ जानेवारी
आजपासून टीममध्ये शिस्त. गव्हाला नेमकं पाणी किती लागतं, हे आमचं संशोधन. शेत गौतमपुऱ्याला, ऑफिस राऊला, आणि सगळं कम्युनिकेशन व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगखाली गाडलेलं. म्हणून टीमचा ब्लॉग काढला. कामाचं सगळं तिथेच लिहायचं. फोन नाही. माझ्या परवानगीशिवाय प्रयोगाला हात नाही. पहिली पोस्ट माझी. अकराशे शब्द.

८ जानेवारी
कॉमेंट शून्य. वाचायला वेळ लागत असेल. शेत बघणाऱ्या ज्ञानदीपचा फोन आला. "सरजी, एक मिनिट सुनो ना..." तत्त्व म्हणून कट केला. ‘ब्लॉगवर लिही’ असा मेसेज टाकला. हा अपवाद.

१२ जानेवारी
माझी दुसरी पोस्ट : ‘संशोधकाने ऐकावे कसे’. कस्तुरीचीसुद्धा कॉमेंट नाही. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, शेतातला सगळा प्रयोग तिच्याच थीसिसचा. वैताग आहे.

१९ जानेवारी
टीमच्या पाच नव्या पोस्ट! सिस्टिम लागली. शनिवारी निवांत वाचीन.

२४ जानेवारी, शनिवार
तिसरी पोस्ट लिहिण्यात दिवस गेला.

२७ जानेवारी
गौतमपुऱ्याला गेलो. गहू पिवळा. बूट घोट्यापर्यंत चिखलात. चार नंबरचा सेन्सर बिघडून ओली जमीन कोरडी दाखवत होता, त्यामुळे पाणी आपोआप चालूच. ओरडलो, कोणी सांगितलं का नाही? ज्ञानदीप म्हणाला, "सरजी, फोन तर तुम्ही कट केला. मग लिहिलं. कस्तुरी मॅडमनी पण लिहिलं. पानी बंद करू का, एवढंच विचारत होतो."
बांधावर बसून पाचही पोस्ट वाचल्या. दोन-दोन ओळींच्या. तिथेच असलेल्या कस्तुरीने एक रोप उपटलं, कुजलेली मुळं बघितली, परत खाली ठेवलं. तिचं वर्ष गेलं.

२८ जानेवारी
माफीची पोस्ट लिहायला घेतली. चारशे शब्द झाले, अजून प्रस्तावनाच. खोडलं. कस्तुरीला फोन केला. ती उचलत नाही.

२ फेब्रुवारी, दुपार
कस्तुरी आली. गाइड बदलण्याचा अर्ज. कारण : ‘मार्गदर्शकांशी संपर्क होऊ शकत नाही.’
"अगं, मला सांगायचंस ना," म्हणालो.
"सर, इथे सही," ती म्हणाली.
केली.