तिने श्वास घेतला नव्हता

१४ नोव्हेंबर

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. गॅरेज तुझा भागीदार उघडतो. गिऱ्हाइकं तुझी चौकशी करतात, तो काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

तुझे वकील येऊन गेले. म्हणाले, श्वास घेतल्याशिवाय कायद्याने माणूस होत नाही. म्हणून साक्षीत मी मूल म्हणायचं नाही, गर्भ म्हणायचं. मग तुझ्यावर खुनाचा नाही, फक्त बायकोला मारहाण करून गर्भ पाडल्याचा गुन्हा राहील. मी मान हलवली.

ते गेल्यावर मला तुझंच बोलणं आठवलं. दुसऱ्या महिन्यात सून म्हणाली होती, मला इतक्यात नको. तू तिचे केस मुठीत धरून डोकं कपाटावर आपटलंस. “जीव आहे तो. डॉक्टरकडे गेलीस तर तू खुनी,” असं म्हणालास. कपाटाचा आरसा तडकला, तिची भुवई फाटली. आणि मला वाटलं, निदान पोरावर तरी माया आहे याची.

सातव्यात ती भावाकडे जाते म्हणाली, तेव्हा तुझ्या पायात कामावरचे लोखंडी टोकाचे बूट होते. पहिल्या लाथेला ती पोट धरून कुशीवर वळली. तू तिला ओढून उताणी केलंस आणि पुन्हा मारलंस. मी तुझा शर्ट ओढला तर मला भिंतीवर भिरकावलंस. मनगट अजून वळत नाही. फरशीवरचं रक्त मीच पुसलं, तोवर तू निघून गेला होतास.

दवाखान्यात सून शुद्धीवर नव्हती. कुणी बघणार का, असं नर्सने विचारलं. मी हात पुढे केले. मुलगी होती. बोटांना नखं होती. कपाळ थेट तुझं, फक्त एका बाजूने दबलेलं. अंग अजून कोमट होतं.

माणूस कधीपासून होतो, मला नाही सांगता येत. सुनेला तेव्हा नको होतं, त्यातही मला पाप दिसत नाही. पण तुला धाक घालायचा होता तेव्हा तो जीव, आणि सुटायचं आहे तेव्हा नुसता गर्भ, हे मला गिळवत नाही रे.

उद्या साक्ष आहे. मी मूलच म्हणणार, वकिलांना कळवलंय. ते म्हणाले, “आई, पोटच्या पोराला आत घालताय.”

“हो,” म्हटलं.

सून माझ्याजवळच आहे. कालपासून थोडं जेवते.

शिक्षा झाली तरी मी भेटायला येईन. काय बोलेन, ते माहीत नाही.

तुझी आई,
आणि तिची आजी