मंगनीत वाजलेलं जपानी गाणं

खफजी, रमजान
एप्रिल १९९१

प्रिय अस्मा,

दर वेळेला मी टेप भरून पाठवतो आणि तुम्ही सगळे ओटीवर बसून ऐकता. फुफी कान लावून बसते, शेजारची पोरं हसतात, आणि मी नुसता खोकलो तरी अम्मी टेप थांबवून विचारते की यांनी औषध घेतलं असेल का. या वेळी कागद लिहितोय, कारण हे फक्त तुझ्यासाठी आहे. फकरुद्दीन रजेवर येतोय. पाकीट अस्माच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणी मागितलं तर सरळ नाही म्हणायचं, असं त्याला बजावून ठेवलंय. तू दार लाव आणि वाच. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, हसू नकोस.

मी परत खफजीच्या कॅम्पात आलोय. लढाई खलास झाली म्हणतात, पण हद्दीपलीकडे कुवेतच्या तेलविहिरी अजून जळतायत आणि वारा इकडे फिरला की भर दुपारी दिवे लावावे लागतात. मी पडलो एसीचा माणूस. आज फिल्टर धुवावा तर उद्या पुन्हा काजळीने बुजलेला, नळाखाली धरला की नुसतं काळं पाणी. मेसची एक भिंत गेलीय, तिथे ताडपत्री बांधून आम्ही रोजा सोडतो. जानेवारीत तोफा सुरू झाल्या, तेलाची टाकी पेटली आणि आम्हाला अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये कोंबून दम्मामला नेलं, हे टेपवर सांगितलंच होतं. सांगितलं नव्हतं ते हे, की बसमध्ये सगळे अल्लाचे आभार मानत होते आणि मी मागच्या काचेतून उत्तरेकडे बघत बसलो होतो. कुवेत तिकडे, आणि आपला नौशाद कुवेतमध्ये. इतक्या जवळ राहून मला तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची खबर काढता आली नाही. ऑगस्टपासून ना त्याचं पत्र, ना फोन, ना कुणाकडून निरोप. बाप म्हणून मला माझीच लाज वाटत होती, अस्मा.

तुमची मागची टेप मी किती वेळा ऐकली ते विचारू नकोस. अम्मी म्हणते, मंगनी मोडायची की थांबायचं ते तुम्हीच ठरवा, लोक तोंडावर विचारायला लागलेत. फुफी मध्येच घुसून मंडणगडच्या स्थळाचं सांगते, मुलाचं स्वतःचं दुकान आहे म्हणे. अम्मीच सांगते की सुरैयाभाभी दर जुम्म्याला येऊन तुझ्याजवळ बसतात, आपल्या मुलाच्या, नौशादच्या नावाने रडतात आणि तुझ्या केसांवरून हात फिरवून जातात. आणि नक्की कळेपर्यंत बोटातली अंगठी काढणार नाही, असं तू घरात सगळ्यांना ठणकावलंस. तू स्वतः टेपवर आलीस ती अगदी शेवटी, आणि एवढंच विचारलंस की अब्बा, काही कळलं का. मग खटका दाबल्याचा आवाज. तुझा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता.

फुफी त्या जपानी कॅसेटवरून तुला टोचून बोलते, तेही मला कळलंय. आता त्या गाण्याचं नीट सांगतोच, कारण तुझ्या मनात ते घर करून बसलंय. आमच्या कुनिमोतो साहेबांच्या खोलीत संध्याकाळी जपानी गाणी चालू असायची. बाईचा गोड आवाज, मागे गिटार, आणि ठेका असा की हातात पाना असतानाच माझा पाय हलायला लागायचा. मी मागितली म्हणून त्यांनी एक कॅसेट भरून दिली, आणि ती घेऊन मी ऐटीत तुझ्या मंगनीला आलो. काय धमाल झाली होती! नौशादच्या भावंडांनी ढोलकी धरली, सुरैयाभाभी मिठाईचं ताट डोक्यावर घेऊन नाचल्या, आणि त्यातलं एक गाणं लोकांनी पुन्हा पुन्हा लावायला लावलं. नौशादला तर ते अर्धं पाठच झालं होतं, अर्थबिर्थ काही न कळता.

पुढे कुवेत गेलं, आपण सगळे काळजीत पडलो, आणि अशात एकदा साहेबांचा एसी गळतो म्हणून मी त्यांच्या खोलीत गेलो. तेच गाणं चालू होतं. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, साहेब, या गाण्यावर माझ्या मुलीच्या मंगनीत सगळा मोहल्ला नाचला. त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी टेप बंद केली आणि हातवारे करत अर्थ सांगितला. गाण्यातली बाई आपल्या माणसाच्या घराची चावी परत देतेय. स्टेशनपर्यंत सोबत येऊ नको म्हणतेय. घरी जाऊन त्याचा कप धुऊन कपाटात मागे सरकवून ठेवतेय आणि उद्यापासून मी कामावर दुसऱ्या रस्त्याने जाईन, असं म्हणतेय. आणि आपण त्याच्यावर ढोलकी बडवली! मला हसू आवरेना, खोटं कशाला सांगू. गंमत म्हणून मी ते पुढच्या टेपवर सांगितलं आणि फुफीने नेमकं तेच धरलं. अपशकुन केला म्हणाली, कॅसेट चुलीत घातली. अगं, रणगाडे कुवेतमध्ये शिरले ते काय आपली कॅसेट ऐकून? फुफीला सांग, तुझ्या भावाने, रफीकने विचारलंय.

साहेबांची बायको त्यांना सोडून गेली होती. हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, मग रोज हीच गाणी कशाला ऐकता, जखमेवर मीठ चोळून घ्यायला? ते म्हणाले की ही गाणी रडवतात, पण माणसाला रडत बसवून निघून जात नाहीत, दारापर्यंत पोचवतात. आपल्या गाण्यांत माणसं एकमेकांशिवाय मरायलाच निघतात. त्यांच्या गाण्यांतली ओक्साबोक्शी रडतात आणि सकाळी उठून खिडकीचे पडदे बदलतात. तेव्हा मला वाटलं होतं, किती कोरडी माणसं ही! आता तसं वाटत नाही. साहेब जानेवारीत आमच्याबरोबरच निघाले आणि दम्मामहून मायदेशी गेले, परत आलेले नाहीत.

किती फिरवून फिरवून लिहितोय ते तुझ्या लक्षात आलंच असेल, तू काही भोळी नाहीस. मागच्या जुम्म्याला सामान आणायला दम्मामला गेलो होतो. आपल्याकडच्या लोकांनी इफ्तारला थांबवून घेतलं, आणि तिथे बदरुद्दीन दिसला. नौशादचा कुवेतमधला खोलीतला सोबती, आता नव्या व्हिसावर दम्मामला आलाय. मला बघताच तो हातातला खजूर ठेवून उठायला लागला. मी हात धरून त्याला बाहेर नेलं आणि म्हटलं, जे असेल ते सांग, मेला असेल तरी सांग. मेलेला नाही, अस्मा. तो जिवंत आहे. इराकातून बसने जॉर्डनच्या हद्दीवर पोचला, तिथून विमानाने मुंबईला आला, आणि आता हैदराबादला आहे. त्याच्या बसमध्ये हैदराबादचं एक कुटुंब होतं. वाळवंटातल्या छावणीत त्या घरच्या बापाने उन्हाने जीव सोडला. मागे बायको, वयात आलेली मुलगी आणि दोन लहान. कबर नौशादने खणली, त्यांच्यासाठी पाण्याच्या रांगेत तोच उभा राहायचा. मग त्या आईने त्याच्यापुढे पदर पसरला, आणि छावणीतच त्या मुलीशी त्याचा निकाह झाला.

मी बदरुद्दीनकडून नंबर घेऊन फोन लावला. येतात तेवढ्या शिव्या मनात तयार ठेवल्या होत्या. तो सलाम म्हणाला, माझ्या तोंडातून सवयीने वालेकुम सलाम गेलं, आणि मग एकही शिवी बाहेर येईना. तो रडत होता. मागून एका मुलीने विचारलं, कोणाचा फोन, तर म्हणाला, गावचं कुणीतरी आहे. गावचं कुणीतरी! ते मला फार लागलं. मी त्याला माफ केलेलं नाही, तेवढं मोठं मन अल्लाने मला दिलेलं नाही. त्या मुलीवर मात्र राग धरता येत नाही, खूप प्रयत्न करून पाहिला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्याने अजून आपल्या आईलाही कळवलेलं नाही. कुठल्या तोंडाने कळवू, म्हणतो. ईदच्या आत कळव, असं मी दरडावलंय, पण त्याचा भरवसा मला उरलेला नाही. मी पोस्टात फोन करून तो जिवंत असल्याचा निरोप ठेवला असता, तर सगळा मोहल्ला मुबारकबाद द्यायला तुझ्या दारात आला असता आणि त्या गर्दीत, सगळ्यांसमोर, तुला बाकीचं कळलं असतं. ते मला नको होतं. म्हणून आधी तुला. रड, पोटभर रड, हा बाप इतक्या लांब बसलाय म्हणून मलाही बोल. अंगठी कधी काढायची ते तू ठरव. मंडणगडला मी नाही कळवतोय, तुला कुणी घाई करणार नाही. पण आज मगरिबच्या नमाजाआधी, दिवस बुडायच्या आत सुरैयाभाभींना कळू दे. तुझ्याच्याने होणार नसेल तर हा कागद अम्मीला दे, ती जाईल, मी तुला कमी समजणार नाही. पण जमलं तर तूच जा, बाय माझी. आधी एवढंच सांग की तो जिवंत आहे. भाभी तुला मिठी मारतील, तुझे मुके घेतील, तुला सूनबाई म्हणतील. थोडा वेळ त्यांना म्हणू दे. बाकीचं मग सांग.

तुझाच,
अब्बा